पिक ठेवायचा कुठे? इलेक्ट्रिक गिटारवरच्या होल्डरची पार्श्वभूमी

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत गणपतीच्या पाचव्या दिवशी ऑर्केस्ट्रा होता. चिऱ्याच्या अंगणावर ताडपत्री, वर पत्र्याचं छप्पर आणि बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या गाण्याच्या मध्यातच माझ्या बोटांतून पिक, म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चकती, सुटला आणि ताडपत्रीच्या घडीत कुठे गेला ते कळलंच नाही. उरलेलं गाणं मी अंगठ्याच्या नखाने काढलं. शेजारी बेंजो वाजवणारे काका गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "आधी त्याका जागा कर. हातातली वस्तू ठेवूक जागा नाय, म्हंजे ती जातलीच."

त्यांच्या त्या बोलण्यामुळे मी पिक होल्डरचा शोध घेऊ लागलो. दुकानात मिळणारा होल्डर म्हणजे काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा प्लॅस्टिकचा कप्पा. आत तीन-चार पिक दाबून धरणारी स्प्रिंग किंवा रबराची पट्टी, पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. टेपवरचा कागद काढायचा, गिटारवर दाबायचा, काम झालं. पण शेकडो वर्षं तारा छेडणाऱ्या माणसाला अशा कप्प्याची गरज का पडली नाही, आणि मग अचानक का पडली, हे पाहायचं तर आधी पिककडेच वळावं लागतं.

आपल्याकडे सतारीची नखी पोलादी तारेची. तर्जनीवर घट्ट चढवली की मैफल संपेपर्यंत ती बोटाचाच भाग. तिचं दुसरं नाव मिजराब. ते अरबीतून आलं आणि त्याचा अर्थ आघात करण्याचं साधन. ग्रीकमधून आलेल्या प्लेक्ट्रम या शब्दाचं मूळही आघातातच आहे. मराठीने मात्र नखाची आठवण ठेवून 'नखी' म्हटलं, आणि मला हेच नाव सगळ्यात नेमकं वाटतं, कारण या वस्तूची सुरुवात नखापासून झाली.

सरोदचा जवा बोटावर चढत नाही, चिमटीत धरावा लागतो. तो परंपरेने नारळाच्या करवंटीचा करतात. ज्या करवंटीची आपण डवली करतो, जी चुलीत जळण म्हणून घालतो, तीच घासून, तासून, गुळगुळीत करून सरोदच्या तारांवर येते. करवंटी कडक असते, पण ठिसूळ नसते, आणि धातूच्या तारेवर तिचा आवाज भरीव उमटतो. जवा सुटा असला तरी वादक तो सुरुवातीच्या आलापापासून शेवटच्या जलद 'झाला'पर्यंत खाली ठेवत नाही. बैठक जमिनीवर असते, त्यामुळे हातातून सुटलाच तरी तो समोरच्या चादरीवर पडतो. म्हणून सरोदवर जव्यासाठी कप्पा करावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

अरबी ऊद आणि युरोपातली जुनी ल्यूट या तंतुवाद्यांसाठी पक्ष्याच्या पिसाची दांडी वापरत. पुढे मॅंडोलिनची लाट आली तेव्हा कासवाच्या पाठीची पातळ चकती सर्वात उत्तम मानली जाऊ लागली. हे कासव म्हणजे उष्ण समुद्रातलं हॉक्सबिल. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्या गरम केल्या की वाकतात, घासल्या की चमकतात, आणि तारेवरून अगदी हलक्या सुटतात. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले. ते वेगळं कासव, त्याची पाठ या कामाची नव्हे. तरीही 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला जे संरक्षणाचं काम उभं केलं, ते पाहिलेल्या कोकणी माणसाला कासवाच्या पाठीचा पिक हातात घ्यावासा वाटणार नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हॉक्सबिलला संरक्षण दिलं. धोक्यातल्या प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणारा साइट्स करार 1973 मध्ये वॉशिंग्टनला ठरला, 1975 पासून लागू झाला आणि त्यानंतर कासवाच्या पाठीचा आंतरराष्ट्रीय व्यापार हळूहळू मोडत गेला.

पर्याय त्याआधीच तयार होता. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी 1870 च्या सुमाराला सेल्युलॉइड बनवलं, तेही बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना. 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या लुइजी डी'अँड्रिया यांनी सेल्युलॉइडच्या पत्र्यातून साच्याने पिक कापायला सुरुवात केली. आज आपण डोळे मिटून ओळखतो तो गोलसर त्रिकोणी आकार त्यांच्याच कारखान्याच्या 351 क्रमांकाचा. बऱ्याच पिकवर अजूनही तपकिरी-पिवळे ठिपके असतात. ती कासवाच्या पाठीची नक्कल आहे.

माझ्या मते होल्डरची कथा खरी इथे सुरू होते. कासवाच्या पाठीचा पिक महाग, वादक तो डबीत कापसावर ठेवी. सेल्युलॉइडचा स्वस्त, म्हणून खिशात पाच-सहा असायचे आणि त्यातले दोन-तीन नेहमी हरवलेले. वस्तू स्वस्त झाली की ती सुटी फिरू लागते, आणि सुट्या वस्तूला ठरलेली जागा लागते. त्यात पुढे जाडीचीही भर पडली. 1981 मध्ये जिम डनलॉप कंपनीने डेलरिन या प्लॅस्टिकचे टॉर्टेक्स पिक आणले. रंगावरून जाडी कळते: लाल 0.50 मिलिमीटर, नारिंगी 0.60, पिवळा 0.73, हिरवा 0.88, निळा 1.0, जांभळा 1.14. भावगीताच्या साथीला पातळ आणि सोलोला जाड, असे दोन-तीन पिक एकाच कार्यक्रमात लागू लागले. एक हातात असताना बाकीचे जवळच कुठेतरी ठेवायला हवेत.

इलेक्ट्रिक गिटारचा जन्म मात्र पिक होल्डरची गरज नसलेल्या घरात झाला. जॉर्ज बीचम यांची कल्पना, रिकनबॅकर कंपनीचं उत्पादन, आणि 1932 मध्ये बाजारात आलेलं ते 'फ्राइंग पॅन' वाद्य हवाईयन पद्धतीचं होतं. मांडीवर आडवं ठेवायचं, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि बोटांवर चढवलेल्या नख्या. आपल्या सतारीसारखंच: नखी बोटावर, हरवण्याचा प्रश्न नाही. या हवाईयन गिटारचं आपल्याकडेही मोठं कौतुक झालं. हवाईचे वादक ताउ मो 1940 च्या दशकात कोलकात्यात राहून ती वाजवत आणि शिकवत होते.

नंतर गिटार मांडीवरून उठून खांद्याला लटकली. 1936 ची गिब्सन ईएस-150 आणि तिच्यावर एकेरी सुरांचे सोलो वाजवणारे चार्ली ख्रिश्चन, 1950 ची फेंडर ब्रॉडकास्टर, म्हणजेच पुढची टेलिकास्टर, आणि 1952 ची लेस पॉल. आता वादक उभा, चपटा पिक चिमटीत, समोर माइक, पायाशी पेडल. उजव्या हातालाच आवाजाचं आणि टोनचं बटण फिरवायचं, तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपची कळ बदलायची. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरने त्याच हाताला सूर हलवणारा दांडाही दिला. 1978 मध्ये एडी व्हॅन हेलन यांच्या पहिल्या अल्बमने दोन्ही हातांनी फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर, बोटं आपटण्याची पद्धत घरोघरी नेली. ते स्वतः पिक अंगठा आणि मधल्या बोटात धरत, म्हणून त्यांची तर्जनी मोकळी राहायची. बाकीच्यांना पिक कुठेतरी सारून ठेवावाच लागे.

लोकांनी कुठे कुठे नाही ठेवला! ओठांत, तळहाताच्या घडीत, घड्याळाच्या पट्ट्याखाली, मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या मागे तारांत अडकवून. टेलिकास्टरवाले पिकगार्ड, म्हणजे गिटारच्या अंगावर बसवलेली संरक्षक पातळ पट्टी, आणि लाकूड यांच्या फटीत खोचतात, तिथे तो छान बसतो. पण तारांत अडकवलेला पिक कधी खुळखुळतो, कधी तार किंचित ओढतो. मोठ्या स्टेजवर माइकच्या दांड्याला पिकची लांब पट्टी लावलेली असते. गावच्या मंडपात माइकचा दांडा निवेदक, गायक आणि आरती म्हणणारे असे सगळे हलवत असतात, त्यामुळे तो भरवशाचा नाही. म्हणून कप्पा गिटारवरच हवा.

त्या बेंजोवाल्या काकांनी हा प्रश्न गिटारच्या आधीच सोडवला होता. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मिरवणुकांत आपण ज्याला बेंजो म्हणतो, तो अमेरिकन बॅंजो नव्हे. तो बुलबुलतरंगचा धाकटा भाऊ, आणि बुलबुलतरंगचं मूळ जपानच्या ताइशोगोतोत आहे. 1912 मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवून ते वाद्य बनवलं. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हाताने पिक मारायचा. आपल्या बेंजोला पुढे पिकअप लागला, अँप्लिफायर लागला आणि तो गळ्यात अडकवून किंवा टेम्पोवर ठेवून शिमग्याला, लग्नाला, विसर्जनाला फिरू लागला. चालत्या मिरवणुकीत पिक पडला की पायांखाली गेलाच. काकांनी बेंजोच्या कडेला सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी दोन बारीक खिळ्यांनी ठोकली होती. तिच्या चिरेत तीन पिक उभे राहत. कळांवरची नजर न काढता ते दुसरा पिक ओढत. तो मी पाहिलेला पहिला पिक होल्डर. आजही मला तो दुकानातल्या कुठल्याही होल्डरपेक्षा नीट विचार केलेला वाटतो, कारण तो हाताच्या वाटेवर होता.

तीच ट्यूब मी उत्साहाने गिटारवर चिकटवणार होतो. एका वयस्कर दुरुस्तीवाल्याने थांबवलं, आणि त्याचं कारण या इतिहासातच आहे. जुन्या आणि आजही काही महागड्या गिटारींचं पॉलिश नायट्रोसेल्युलोजचं असतं. 1920 च्या दशकात मोटारींच्या रंगकामासाठी हे लॅकर गाजलं, तिथून ते गिटारींवर आलं. रसायन म्हणून ते सेल्युलॉइडचं सख्खं भावंड: पिक आणि पॉलिश एकाच घरचे. हे पॉलिश रबर आणि मऊ व्हिनाइल यांच्या सतत स्पर्शाने मऊ पडतं, डागाळतं. गिटारच्या स्टँडवरच्या रबराचे काळे ठसे पाहिले असतील, तोच प्रकार. चिकट टेप अशा पॉलिशवरून काढताना थरही उचलून येऊ शकतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून बहुतेक कारखाने पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनकडे वळले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गिटारींवर तेच असतं आणि त्यावर टेप सहसा बाधत नाही. आपल्या गिटारवर कुठलं पॉलिश आहे याची खात्री नसेल, तर लाकडावर काही चिकटवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरक्षित जागा म्हणजे पिकगार्ड. त्याचं कामच पिकचे ओरखडे अंगावर घेण्याचं आणि तो स्क्रूने बसवलेला, म्हणजे बिघडला तर बदलता येतो. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरचा एकपदरी पांढरा पिकगार्ड 8 स्क्रूंचा होता. 1959 पासून तीन पदरी आणि 11 स्क्रूंचा झाला, आणि तोही काही वर्षं सेल्युलॉइडचाच होता, म्हणून जुने पिकगार्ड हिरवट पडलेले दिसतात. होल्डर अशा कोपऱ्यात हवा जिथे मनगट घासत नाही आणि बटणाकडे जाणारा हात अडत नाही. हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाची, मागची बाजू स्वच्छ दिसते, पण गाण्याच्या मध्येच उजवा हात तिथवर न्यायला वेळ नसतो.

आणि मग आपला पावसाळा. चिकटणारी टेप कोरड्या, तेलकटपणा नसलेल्या पृष्ठभागावर दाबली तरच धरते, आणि तिची पूर्ण पकड यायला तीन दिवस जातात. जून ते सप्टेंबर कोकणात कपाटातले कपडेही दमट असतात. हाताला घाम, बोटांना खोबरेल. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घाईने लावलेला माझा पहिला होल्डर विसर्जनाच्या आत सुटून आला. दुसरा मी जानेवारीत लावला: तारा झाकून, पिकगार्डवरची जागा कोरड्या सुती फडक्याने पुसून, अर्धा मिनिट अंगठ्याने दाबून, आणि तीन दिवस त्यात एकही पिक न घालता. तो दोन पावसाळे टिकला. चिकटलेला होल्डर काढायचा तर ओढू नये. केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब द्यायची आणि मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवायचा.

सध्या माझ्या गिटारवर टेप नाही. पिकगार्डचा कडेचा एक स्क्रू काढून त्याखाली पितळेची वाकवलेली पट्टी बसवली आहे. लोखंडाची केली असती तर खाऱ्या वाऱ्याने वर्षात गंजली असती. पट्टीच्या खाली, पिकगार्डला लागू नये म्हणून, जाड कागदाचा तुकडा आहे. तिच्यात दोन पिवळे आणि एक हिरवा पिक राहतो. गेल्या गणपतीत काका ऐकायला आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी गिटार मांडीवर घेतली, पट्टीतून हिरवा पिक ओढला, परत सरकवला, आणि म्हणाले, "हं. आता हाताक सापडता."