वाफेच्या काळातील ब्रिटिश रेल्वेची प्रतिकृती

ब्रिटनमधील वाफेच्या इंजिनांच्या काळातली रेल्वे ठरावीक प्रमाणात लहान करून रूळ, गाड्या, स्थानके, सिग्नल आणि भोवतालच्या मुलखासह उभी करण्याचा छंद. अशा मांडणीला छांदिष्ट मंडळी ‘लेआउट’ म्हणतात. लंडनचा ‘मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० साली स्थापन झाला आणि आजही चालू आहे. खेळण्यातली आगगाडी आणि इतिहासाला धरून केलेली प्रतिकृती यांतला फरक बारीक कलाकुसरीत असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. हल्ली दुकानातून आणलेल्या इंजिनावरचेही रिव्हेट मोजता येतात. खरी कसोटी निवडीची असते. एक ठिकाण आणि एक काळ ठरवायचा आणि त्या दिवशी त्या रुळांवरून जे धावले असते तेवढेच धावू द्यायचे. प्रत्येक गाडी सुटी पाहिली तर बिनचूक, पण सगळ्या एकत्र आल्या की देखावा खोटा, असे या छंदात सर्रास घडते.

प्रमाण आणि गेज

ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणारे प्रमाण ‘ओओ’ आहे. त्यात खऱ्या एका फुटाला ४ मिमी धरतात, म्हणजे साधारण १:७६. रुळांमधले अंतर मात्र १६.५ मिमी असते आणि घोटाळा इथेच आहे. ब्रिटिश रेल्वेचे खरे गेज ४ फूट ८.५ इंच. फुटाला ४ मिमीच्या हिशेबाने ते १८.८३ मिमी व्हायला हवे. १६.५ मिमी म्हणजे ४ फूट १.५ इंच. बाजारातली जवळजवळ प्रत्येक ब्रिटिश गाडी अशी सात इंच अरुंद रुळांवर धावते आणि समोरून पाहिल्यास इंजिन पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते.

याचे कारण ऐतिहासिक आहे. १९२२ च्या सुमारास नॉर्थॅम्प्टनचे बॅसेट-लोक यांनी जर्मनीच्या बिंग कारखान्यात बनलेली टेबलावर मावणारी छोटी रेल्वे ब्रिटनमध्ये विकायला आणली. तिचे रूळ त्या वेळच्या ३२ मिमी ‘ओ’ गेजच्या जवळपास निम्मे होते. युरोपात या रुळांसाठी फुटाला ३.५ मिमी हे योग्य प्रमाण रूढ झाले. तेच ‘एचओ’. ब्रिटिश बोगदे आणि पूल अरुंद असल्याने तिथली इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान होती. त्यामुळे त्या काळच्या बोजड मोटरी फुटाला ३.५ मिमीने केलेल्या ब्रिटिश इंजिनाच्या बॉयलरमध्ये बसेनात. मग वरचा सांगाडा फुटाला ४ मिमी धरून मोठा केला आणि रूळ होते तसेच ठेवले. हॉर्न्बीने १९३८ मध्ये ‘डब्लो’ ही मालिका याच मापात काढली, आणि नंतर मोटरी कितीही लहान झाल्या तरी माप बदलणे कुणालाच परवडेना.

ज्यांना हे खुपले त्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. ‘ईएम’ गेजमध्ये रुळांतले अंतर आधी १८ आणि मग १८.२ मिमी ठेवले गेले. ‘पी४’ मध्ये ते नेमके १८.८३ मिमी असते, आणि चाकांच्या कडा व सांध्यांमधल्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथल्या) फटीही त्याच प्रमाणात बारीक असतात. पी४ ची गाडी रुळांवर टिकवायची तर बहुतेकदा चाकांना स्प्रिंग किंवा डोलणारे आस द्यावे लागतात. जागा कमी असेल तर ‘एन’ गेज आहे. त्याचे ब्रिटिश प्रमाण १:१४८, रूळ ९ मिमी. ज्यांना वजन आणि भारदस्तपणा हवा ते फुटाला ७ मिमीच्या ‘ओ’ गेजकडे जातात. पी४ करणारे ओओवाल्यांकडे जरा वरून पाहतात, हे खरे. पण ज्याच्या लेआउटवर सांधे अचूक आणि गाड्या चुकीच्या दशकातल्या आहेत, त्यापेक्षा सात इंच अरुंद रुळांवरची योग्य गाडी जास्त प्रामाणिक मानायला हरकत नाही.

काळाची निवड

१ जानेवारी १९२३ रोजी शंभराहून अधिक खासगी कंपन्या एकत्र होऊन चार मोठ्या कंपन्या झाल्या: ग्रेट वेस्टर्न, लंडन मिडलंड अँड स्कॉटिश (एलएमएस), लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न (एलएनईआर) आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ ला या चारही सरकारजमा झाल्या आणि ‘ब्रिटिश रेल्वेज’ आली. १९६० मध्ये स्विंडन कारखान्यातून ‘ईव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेजने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली. हे टप्पे ढोबळ आहेत. प्रत्यक्षात रंग, क्रमांक आणि बोधचिन्हे एका रात्रीत बदलत नसत. १९४८ नंतरही कित्येक इंजिने जुन्या कंपनीचे नाव अंगावर घेऊन फिरत होती.

नव्या क्रमांकांची पद्धत सोपी होती. एलएमएसच्या बहुतेक इंजिनांच्या क्रमांकात ४०,००० मिळवले, एलएनईआरच्या ६०,००० आणि सदर्नच्या ३०,०००. ग्रेट वेस्टर्नचे क्रमांक ओतीव पितळी पाट्यांवर असल्याने ते तसेच राहिले. बोधचिन्हात १९५६ पर्यंत चाकावर उभा सिंह, त्यानंतर मुकुटातून वर आलेला सिंह. डब्यांचा किरमिजी आणि मलईचा दुरंगी पेहराव १९४९ मध्ये आला आणि १९५६ पासून गर्द तांबड्याला जागा देत गेला. नवे चिन्ह लावलेल्या इंजिनामागे दुरंगी डबे काही वर्षे दिसले तर ते बरोबरच आहे. पण १९५२ च्या लेआउटवर नवे चिन्ह दिसले, तर जाणकार प्रेक्षक काही न बोलता पुढच्या टेबलाकडे सरकतो.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन या बाबतीत धडा म्हणून पुरेसे आहे. १९२३ मध्ये डॉनकास्टरला ते १४७२ या क्रमांकाने बाहेर पडले आणि १९२४ मध्ये ४४७२ झाले. १९४६ मध्ये त्याला आधी ५०२ आणि मग १०३ हा क्रमांक मिळाला. जानेवारी १९४७ मध्ये त्याला नवा बॉयलर बसला आणि ए१ वर्गातून ते ए३ वर्गात गेले. ब्रिटिश रेल्वेजमध्ये ते ६०१०३ झाले; १९५९ मध्ये त्याला दुहेरी धुराडे लागले आणि १९६१ मध्ये धूर उडवणारे जर्मन धाटणीचे पत्रे. याचा अर्थ असा की सफरचंदी हिरव्या रंगातले, ४४७२ क्रमांकाचे ए३ एलएनईआरच्या सेवेत कधीच नव्हते. तो जोड १९६३ मध्ये इंजिन खासगी मालकाकडे गेल्यानंतरचा आहे. खेळण्यांच्या खोक्यांवर मात्र बहुधा तोच दिसतो.

एका मार्गाचे उदाहरण

बाथ ग्रीन पार्क ते बोर्नमथ वेस्ट हा ‘सॉमरसेट अँड डॉर्सेट’ मार्ग प्रतिकृतिकारांचा फार लाडका आहे. सुमारे ७१.५ मैलांचा, बराचसा एकेरी, मेंडिप टेकड्यांतून १ ला ५० च्या चढाने जाणारा. एलएमएस आणि सदर्न यांची ही सामाईक मालमत्ता होती. १९३० पासून इंजिने एलएमएसकडे, तर डबे, रूळ आणि सिग्नल सदर्नकडे आले. त्यामुळे एलएमएसच्या डर्बी कारखान्याच्या धाटणीचे काळे इंजिन, त्यामागे सदर्नचे हिरवे डबे आणि कडेला जुन्या रुळांचेच खांब करून उभारलेले सदर्नचे सिग्नल, असे मिश्रण इथे बरोबर ठरते. दुसरीकडे कुठे तेच चूक ठरले असते.

इथला खास प्राणी म्हणजे २-८-० रचनेची (पुढे दोन छोटी आणि मागे आठ मोठी चाके) ‘७एफ’ इंजिने. १९१४ मध्ये सहा आणि १९२५ मध्ये पाच अशी एकूण अकराच बांधली गेली. १९२५ च्या पाचांना मोठे बॉयलर होते, पण पुढे त्यांनाही लहान बॉयलर बसले. म्हणून ५३८०६ ते ५३८१० यांपैकी एखादे करायचे तर कोणत्या वर्षी त्याच्यावर कोणता बॉयलर होता हे छायाचित्रात शोधावेच लागते. मालगाडीची ही इंजिने उन्हाळ्याच्या शनिवारी समुद्रावर निघालेल्या प्रवासी गाड्यांनाही जुंपली जात. जड गाडीला चढासाठी एव्हरक्रीच जंक्शनवर पुढे आणखी एक इंजिन जोडत. या मार्गावर पॅसेंजर गाड्यांच्या इंजिनांवर दिव्यांचीही स्वतंत्र खूण होती: एक दिवा धुराड्यापाशी, दुसरा बफरवर. इतरत्र एक्सप्रेसचे दोन्ही दिवे बफरांवर असत आणि थांबत जाणाऱ्या गाडीचा एकच, धुराड्यापाशी.

आता समजा कुणी १९५५ चा जुलै निवडला. मग मँचेस्टरहून येणारी ‘पाइन्स एक्सप्रेस’ हवीच, पण प्रचंड ९एफ इंजिने नकोत. ती या मार्गावर १९६० मध्ये आली. १९६३ निवडले तर ९एफ चालतील, पण पाइन्स एक्सप्रेस नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये ती दुसऱ्या मार्गाने वळवली गेली. या मार्गावरची तिची शेवटची फेरी ‘ईव्हनिंग स्टार’ने ओढली, म्हणून अनेकांना ती दोन्ही एकत्र दाखवण्याचा मोह होतो, आणि त्या थोड्या आठवड्यांपुरता तो क्षम्यही आहे. मार्ग ७ मार्च १९६६ ला बंद झाला.

साध्या गाड्या

प्रतिकृतींत सर्वाधिक चुका एक्सप्रेसमध्ये होत नाहीत, मालगाडीत होतात. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सुमारे २० हजार वाफेची इंजिने होती, तर वाघिणी दहा लाखांहून जास्त. त्यांतल्या पुष्कळशा कोळशाच्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वी खाणी आणि कोळसा-व्यापारी यांच्या स्वतःच्या वाघिणी असत, रंगीत आणि ठसठशीत अक्षरांच्या. त्या दिसायला छान असल्याने उत्पादक त्या भरपूर काढतात आणि लोक भरपूर घेतात. पण १९३९ नंतर त्या सामाईक ताफ्यात गेल्या, रंग उडाला, फळ्या बदलल्या गेल्या. १९५० च्या दशकातल्या लेआउटवर चकचकीत रंगीत वाघिणींची रांग शोभत नाही. तिथे गंजके लोखंड, उघडे लाकूड आणि १६ टनी पोलादी वाघिणी हव्यात.

बहुतेक वाघिणींना इंजिनावरून चालणारे ब्रेक नव्हते. त्या तीन कड्यांच्या साखळीने सैलसर जोडलेल्या असत, आणि गाडीचा वेग आवरायला शेवटी गार्डाचा ब्रेकडबा अपरिहार्य असे. शेवटच्या वाहनावर लाल दिवाही हवा. तो नसेल तर गाडी तुटून मागे राहिली, असा सिग्नलवाल्याचा समज झाला असता. प्रदर्शनात हा टीचभर दिवा विसरलेली लेआउट नेहमी सापडते.

काजळीचेही तसेच. युद्धानंतर कामगार मिळेनात, इंजिने पुसली जाईनात. शेवटच्या वर्षांत हिरवा रंग ओळखूही येत नसे. तरी लंडनच्या किंग्ज क्रॉस शेडची (इंजिने ठेवण्याच्या आगाराची) काही एक्सप्रेस इंजिने झळाळती ठेवली जात. शेड कोणती, यावर मळ किती ते ठरते, आणि धुराड्याखालच्या पेटीच्या दारावर शेडची छोटी पाटी असतेच. किंग्ज क्रॉसची ३४ए.

रूळ, सिग्नल आणि चालवणे

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य मार्गांवर दोन्ही टोकांना गोलसर डोके असलेला रूळ ओतीव ‘खुर्च्यां’त (स्लीपरवरच्या लोखंडी बैठकींत) लाकडी पाचरीने बसवत. ओओचे तयार रूळ मात्र कित्येक दशके एचओच्या अंतराने स्लीपर मांडलेले आणि सपाट बुडाचे मिळत. म्हणून काटेकोर लोक स्लीपर कापून, खुर्च्या चिकटवून रूळ स्वतः घालतात. यार्डातून मुख्य मार्गावर येणाऱ्या वाटेवर सापळा सांधाही हवा. चुकून निसटलेली वाघीण प्रवासी गाडीवर जाण्याआधी तिथे रुळांवरून उतरवली जाते. सिग्नलची दांडी ग्रेट वेस्टर्नमध्ये खाली झुकून ‘जा’ म्हणे. इतर कंपन्यांत १९२० च्या दशकापासून ती वर उचलण्याची पद्धत पसरत गेली.

काही लेआउट पूर्ण वेळापत्रकाने चालतात. दोन सिग्नलकेबिनींत घंटा असतात. एक्सप्रेससाठी चार ठोके, थांबत जाणाऱ्या पॅसेंजरसाठी तीन-थांबा-एक, गाडी हद्दीत शिरली की दोन. बघ्यांना हे कंटाळवाणे वाटू शकते, चालवणाऱ्यांना नाही.

पुरावे

आधार म्हणून कारखान्यांचे आराखडे, कर्मचाऱ्यांसाठीची वेळापत्रके, डब्यांच्या जोडणीची पत्रके आणि मुख्य म्हणजे तारीख असलेली छायाचित्रे वापरतात. १९५० मध्ये स्थापन झालेली ‘हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी’ असा संग्रह जपते. रंगाचा प्रश्न सर्वांत अवघड. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा आणि निळा फिकट येई, त्यामुळे कृष्णधवल चित्रातून रंग ओळखायला जाणे फसवे. शिवाय लहान वस्तूवर मूळ रंग जसाच्या तसा दिला तर तो गडद दिसतो, म्हणून बरेचजण तो किंचित फिका करतात.

जागा

फुटाला ४ मिमीच्या प्रमाणात एक मैल म्हणजे २१ मीटर. सॉमरसेट अँड डॉर्सेट अख्खी करायची तर दीड किलोमीटर. दहा डब्यांची एक गाडीच तीन मीटरच्या आसपास जाते. म्हणूनच ग्रेट वेस्टर्नच्या एखाद्या खेड्यातले शेवटचे स्थानक इतके लोकप्रिय झाले की त्याची थट्टा होते: पाण्याची टाकी अंगावरच असलेले एक छोटे इंजिन, एक डबा, एक गुरांची वाघीण आणि गाडी पडद्यामागच्या ‘फिडल यार्ड’मध्ये (गाड्या लपवून ठेवण्याच्या जागेत) शिरते ती फट झाकायला पूल, त्यावर थांबलेली बस.

मोठी कामे थोडी आहेत. ऑक्सफर्डशरमध्ये लाँग विटनहॅम इथले पेंडन संग्रहालय रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने १९५४ मध्ये सुरू केले. १९३० च्या सुमारचे व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स हे खोरे तिथे खऱ्या घरांची मापे घेऊन उभे राहिले आहे आणि गाड्यांइतकाच मान गवती छपरांना आहे. जॉन एहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही तिथेच जपली आहे; गाडीभोवती सलग निसर्ग रचणाऱ्या सुरुवातीच्या लेआउटांपैकी ती एक. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबची ‘कोपनहेगन फील्ड्स’ फुटाला सुमारे २ मिमीच्या प्रमाणात किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा परिसर दाखवते.

महाराष्ट्राशी संबंध

१८५३ मध्ये मुंबई–ठाणे मार्गावर धावलेली इंजिने लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीची होती, पण गेज ५ फूट ६ इंच. ४ मिमीच्या हिशेबाने ते बरोबर २२ मिमी येते आणि ब्रिटिश बाजारातले कोणतेही रूळ त्याला चालत नाहीत. पुण्यातले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये उघडले. ते एचओ प्रमाणात आहे.

सर्वांत थेट दुवा मात्र बार्शीचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्लिश अभियंत्याने २ फूट ६ इंच गेजची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली. त्याच गेजवर आणि त्याच विचारांनी त्याने इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ रेल्वे उभारली. ती १९०४ ते १९३४ चालली. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेली तिची दोनच इंजिने वसाहतीच्या थाटाची होती, मोठाल्या दिव्यांची. त्यांतल्या एकाचे नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. डबेही फिकट पिवळे. इंग्लंडच्या हिरव्या दरीत सोलापूरकडची गाडी चुकून आल्यासारखे हे दृश्य प्रतिकृतिकारांना न भुलवते तर नवल. ४ मिमी प्रमाणात हे गेज १० मिमी होते, पण सोय म्हणून बरेचजण एन गेजचे ९ मिमीचेच रूळ वापरतात. या मार्गावर ब्रॉड नव्हे पण साध्या गेजच्या वाघिणी ठेंगण्या वाहक-वाघिणींवर चढवून आत नेत. लहान प्रमाणातही ते करून दाखवता येते. फक्त वरची वाघीण वळणावर कलंडू नये म्हणून खालच्या वाहनात जमेल तितके वजन भरावे लागते.