माउंटन बायकिंग वाटांची स्वयंसेवी देखभाल

सार्वजनिक उद्याने, नगरवने आणि राखीव वने यांमधील माउंटन बायकिंगच्या मातीच्या वाटांची आखणी, दुरुस्ती व पाण्याचा निचरा ही कामे वाटा वापरणाऱ्यांनीच, जमीनमालक संस्थेच्या संमतीने आणि विनामोबदला करण्याची प्रथा. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, न्यूझीलंड व ब्रिटन या देशांत ती चांगली रुजली आहे. जेमतेम एक सायकल जाईल एवढ्या रुंदीच्या वाटेला सिंगलट्रॅक म्हणतात. स्वयंसेवकांचे बहुतेक श्रम याच वाटांवर खर्ची पडतात, कारण मोठी यंत्रे तिथे नेता येत नाहीत आणि उद्यान खात्याचे कायम कर्मचारी तिथवर क्वचितच पोचतात.

उगम : या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. सायकलविषयक लेखनात तिचा आरंभ बहुधा कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीपासून धरतात. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ आदी मंडळी १९७० च्या दशकात तेथे जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर नेत. फेअरफॅक्स गावाजवळ पाइन माउंटनच्या उतारावर ‘रिपॅक’ ही शर्यत ऑक्टोबर १९७६ मध्ये सुरू झाली. ही शर्यत मात्र वणवा रोखण्यासाठी काढलेल्या रुंद कच्च्या रस्त्यावर होई, अरुंद वाट राखण्याचा प्रश्न तिच्यात नव्हता. माउंटन बाइकचा उगम आणि वाटा राखण्याचा उगम एकच मानणे त्यामुळे बरोबर वाटत नाही.

दुसरे मत महामंदीच्या काळातील ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ (१९३३–४२) या सरकारी योजनेला श्रेय देते. योजनेतील तरुणांनी अनेक उद्यानांत वाटा, दगडी पायऱ्या आणि निचऱ्याचे चर बांधले. त्यांचे बांधकामाचे कसब निर्विवाद आहे, पण ते वेतनावर केलेले काम होते. तिसऱ्या मतानुसार प्रथेची मुळे पदभ्रमण मंडळांत आहेत. ॲपलाचियन माउंटन क्लब (१८७६), व्हरमाँटमधील ग्रीन माउंटन क्लब (१९१०) आणि न्यूयॉर्क–न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स (१९२०) यांनी वाटेचे तुकडे सभासदांत वाटून देण्याची आणि सुटीच्या दिवशी श्रमदान करण्याची रीत पाडली. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये सुचवलेली आणि १९३७ मध्ये सलग झालेली ॲपलाचियन ट्रेल ही पूर्व अमेरिकेतील लांब पल्ल्याची पायवाट याच रीतीवर उभी राहिली. १९८४ मध्ये तर संघराज्य सरकारने तिच्या व्यवस्थापनाची बरीच जबाबदारी स्वयंसेवी संघटनेकडे सोपवली. सायकलस्वारांच्या मंडळांत आज दिसणारी कामाची घडण (वाट दत्तक घेणे, तुकडीप्रमुख नेमणे, कामाच्या दिवसाची नोंद ठेवणे) जवळजवळ तशीच्या तशी या मंडळांकडून आलेली असल्याने हे तिसरे मत अधिक ग्राह्य ठरते. कायद्याची चौकटही माउंटन बाइकच्या आधीची आहे. राष्ट्रीय उद्यानांत स्वयंसेवक घेण्याचा कायदा १९७० मध्ये, तर राष्ट्रीय वनांसाठीचा १९७२ मध्ये झाला. काम करताना इजा झाल्यास स्वयंसेवकाला सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाई मिळण्याची सोय या कायद्यांमुळे झाली.

सायकलस्वारांना या कामाकडे वळवले ते बंदीने. १९८४ मध्ये अमेरिकी वनसेवेने वाइल्डरनेस म्हणून संरक्षित क्षेत्रांत सायकलींना मनाई केली. त्याच दशकात कॅलिफोर्नियातील अनेक उद्यानांत सिंगलट्रॅक सायकलींना बंद झाले. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारी होत्या व त्या निराधार नव्हत्या : आंधळ्या वळणावर वेगात समोर येणारी सायकल धोकादायकच असते. या परिस्थितीत ईस्ट बे, मरिन आणि इतरत्रच्या मिळून पाच कॅलिफोर्नियन संघटनांनी १९८८ मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन (इम्बा) स्थापन केली. वाटेवर हक्क हवा असेल तर तिची जबाबदारीही घ्यावी लागेल, ही तिची भूमिका पुढे जगभरच्या मंडळांनी उचलली. १९९७ पासून इम्बाने दोन-दोन प्रशिक्षकांची फिरती पथके गावोगाव पाठवून स्थानिक मंडळांना प्रत्यक्ष वाटेवर शिकवले. खाली दिलेल्या तंत्राचा प्रसार मुख्यतः याच पथकांमुळे झाला.

पाणी व उतार : देखभालीचे सारे शास्त्र पाण्याभोवती फिरते. पावले, टाप आणि चाके माती सैल करतात, ती वाहून नेते पाणी. वाट सरळ उताराच्या धारेने खाली उतरत असेल तर पावसात तिचाच ओढा होतो. म्हणून वाट डोंगराच्या कुशीतून, समोच्च रेषेच्या जवळून तिरपी न्यावी आणि पाण्याने ती आडवी ओलांडून पुढे जावे, हे मूळ तत्त्व आहे.

त्याचे दोन ठोकताळे रूढ आहेत. पहिला अर्ध्याचा नियम : वाटेचा चढ बाजूच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. डोंगराचा उतार ३० टक्के (म्हणजे आडव्या १०० मीटरला ३० मीटर) असेल तर वाटेचा चढ १५ टक्क्यांच्या आत हवा. तो ओलांडला की पाणी वाट आडवी पार करण्याऐवजी तिच्यावरूनच धावू लागते. सपाट जागी या नियमाचे महत्त्व विशेष कळते. बाजूचा उतार ६ टक्केच असेल तर ४ टक्क्यांची सौम्य दिसणारी वाटही पाणी धरून ठेवते. दुसरा ठोकताळा असा, की संपूर्ण वाटेचा सरासरी चढ साधारण १० टक्क्यांच्या आत असावा. दोन्ही आकडे मार्गदर्शक आहेत, अंतिम नव्हेत. भुसभुशीत वाळूत १० टक्केही जड जातात, तर उघड्या खडकावर त्याहून तीव्र चढ वर्षानुवर्षे टिकतो.

वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला सुमारे ५ टक्के कलता ठेवतात. नवी वाट कापताना तिची पूर्ण रुंदी डोंगरात खोदून काढणे श्रेयस्कर. अर्धी रुंदी खोदून आणि अर्धी भराव टाकून केलेल्या वाटेची भरावाची कड काही पावसाळ्यांत खचते. खोदलेली माती वाटेलगत न ठेवता दूर खाली पसरवतात. वाट अधूनमधून थोडी उतरून पुन्हा चढेल अशी आखली, तर प्रत्येक खोलगट जागी पाणी बाहेर पडते. जुन्या वाटांवर आडवे ओंडके पुरून पाणी वळवण्याची पद्धत होती. सायकलवाटांवर ती आता टाळतात. ओंडक्यामागे गाळ साचून तो निकामी होतो, ओला ओंडका चाकाला घसरवतो आणि सायकलस्वार तो चुकवण्यासाठी बाजूने जाऊ लागले की वाट रुंदावते.

दुरुस्तीत सर्वाधिक वेळा करावे लागणारे काम म्हणजे कडेचा बांध काढणे. वापराने वाटेचा मध्य दबतो आणि दरीकडच्या कडेला मातीचा, मुळ्या धरलेला बारीक बांध तयार होतो. पाणी त्याच्या आत अडकून वाटेवरून वाहते. तुकडीतील एक जण बांध फोडतो, दुसरा माती खाली ओढून पसरतो. मग डबके साचणाऱ्या जागी वाटेच्या रुंदीत सुमारे तीन मीटर लांबीचा, अर्धचंद्राकार उथळ उतार तासतात. त्याचा सर्वांत खोल भाग दरीच्या कडेला असतो. कड पायाने दाबून घट्ट करतात आणि बाटलीतले पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहतात. काम चांगले झाले असेल तर पुढच्या सायकलस्वाराला तिथे काही खोदले आहे हे जाणवतही नाही.

अवजारे : कुदळ, फावडे, पहार आणि हातकरवत यांखेरीज दोन खास अवजारे वापरात आहेत. मॅक्लाउड या अवजाराला एका बाजूला जाड दात्यांचे दंताळे, तर दुसऱ्या बाजूला रुंद सपाट पाते असते. ते कॅलिफोर्नियातील सिएरा राष्ट्रीय वनात १९०५ च्या सुमारास, मॅक्लाउड नावाच्या वनरक्षकाने तयार केले असे मानतात. पुलास्कीत एकाच दांड्यावर कुऱ्हाड आणि वाकसासारखे आडवे पाते असते; मुळ्या तोडणे आणि माती खणणे ही दोन्ही कामे ते करते.

पुलास्कीचा जनक कोण, हा वाद जुना आहे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो व मोंटाना राज्यांत भडकलेल्या महावणव्यात वनरक्षक एड पुलास्की यांनी वॉलेस गावाजवळ आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन बहुतेकांचे प्राण वाचवले. त्यानंतर त्यांनी हे अवजार घडवले असे सर्वसाधारणपणे सांगतात. वर्ष कोणी १९११ देतात, कोणी १९१३. मात्र जमीन साफ करण्याचे अशाच धाटणीचे अवजार कॉलिन्स कंपनीने १८७६ मध्येच बाजारात आणले होते. त्याच वनविभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हकिकतीप्रमाणे मूळ कल्पना रोपे लावण्यासाठी संयुक्त अवजार करण्याची होती आणि पहिला नमुना दुसऱ्याच वनरक्षकाने बनवला होता. पुलास्की यांनी आपल्या भट्टीत त्या आराखड्यात सुधारणा करून अवजार वापरण्याजोगे केले, असे म्हणणे उपलब्ध माहितीशी सर्वांत जुळते. वनसेवेने ते १९२० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर करवून घेण्यास सुरुवात केली.

कामाच्या दिवशी अवजारे दरीकडच्या हातात, पाते पुढे व खाली ठेवून नेतात, म्हणजे तोल गेल्यास ती दूर फेकता येतात. दोन माणसांत हात आणि अवजार मिळून होणाऱ्या लांबीहून अधिक अंतर ठेवणे हा पहिला नियम. माती ओलसर पण चिखल न झालेली असते तेव्हा काम उत्तम होते, कारण कोरडी माती दाबून बसत नाही.

उदाहरणे : फिलाडेल्फियातील फेअरमाउंट पार्कचा भाग असलेल्या विसाहिकन घळईत पायी फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांचे वाटांवर मिश्र वापर आहेत. फ्रेंड्स ऑफ द विसाहिकन ही १९२४ मध्ये स्थापन झालेली संस्था शहराच्या उद्यान खात्याबरोबर या वाटांची देखभाल करते. अभ्रकी शिस्ट खडकावरील तिथली माती चटकन वाहून जाते. विसाहिकनचा ओढा ज्या स्कूलकिल नदीला मिळतो, तिथेच जवळ शहराच्या पिण्याच्या पाण्याचा उपसा होतो, त्यामुळे वाटेवरची धूप हा तिथे केवळ सायकलस्वारांचा प्रश्न राहत नाही. तिन्ही प्रकारच्या वापरकर्त्यांना एकाच तुकडीत कामाला लावणारी ही व्यवस्था, केवळ सायकलस्वारांच्या मंडळापेक्षा भांडणे मिटवण्यास अधिक उपयोगी वाटते.

कॅनडातील व्हँकूव्हर शहराजवळच्या नॉर्थ शोअर भागात उलट क्रम दिसतो. माउंट फ्रॉम, सेमूर आणि सायप्रस या डोंगरांवर १९८० व ९० च्या दशकांत सायकलस्वारांनी परवानगीशिवाय वाटा काढल्या आणि दलदलीवरून सीडरच्या फळ्यांचे शिडीसारखे अरुंद पूल टाकले. टॉड फियांडर हे त्यांतील प्रसिद्ध बांधकामकर्ते. पूल कुजू लागले, अपघातांच्या जबाबदारीचा प्रश्न आला, तेव्हा १९९७ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशनने जमीनमालकांशी करार करून वाटा दत्तक देण्याची योजना आखली. नंतरच्या कामात लाकडाऐवजी दगड आणि खनिज माती यांवर भर आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन नगरपालिकेने १९९८ मध्ये करोरी उपनगराजवळची जुनी कुरणे माकारा पीक माउंटन बाइक पार्कसाठी दिली. समर्थक मंडळाचे स्वयंसेवक तिथे वाटांबरोबर देशी झाडांची लागवडही करतात.

परिणामांचा अभ्यास : सायकलींनी वाटा अधिक झिजतात हा समज प्रयोगांत टिकला नाही. विल्सन व सीनी यांनी मोंटानात केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घोड्यांच्या टापांनी व माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी झाली. थर्स्टन व रीडर यांच्या २००१ च्या ऑन्टॅरिओतील अभ्यासात ५०० फेऱ्यांपर्यंत पदभ्रमण व सायकल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तीव्र उतारावर ब्रेक दाबून घसटत जाणारे चाक अशा प्रयोगांत पुरेसे येत नाही आणि देखभाल करणाऱ्यांना नेमका तोच त्रास अधिक होतो.

चुकीच्या जागी पडलेली वाट बंद करणे हे काम नवी वाट कापण्याहून कष्टाचे आहे. नुसती फांद्यांची आडकाठी घातली तर लोक ती ओलांडतात. म्हणून दबलेली माती खणून सैल करतात, धुपीच्या घळीत थोड्या थोड्या अंतरावर दगड-ओंडक्यांचे छोटे बांध घालतात, स्थानिक रोपे लावतात आणि वाटेची दोन्ही टोके जेवढ्या लांबवरून नजरेस पडतात तेवढा भाग पालापाचोळा व मेलेल्या फांद्यांनी पूर्ण झाकतात. पर्यायी वाट त्याआधीच खुली झालेली असावी लागते.