घरगुती फ्लोअर क्लीनरची पार्श्वभूमी: आधी जमीन, मग बादली

फरशी पुसायच्या घरगुती पाण्याच्या कृतींत व्हिनेगर, लिंबू, सोडा, मीठ सगळं असतं, पण ते पाणी कोणत्या फरशीसाठी आहे हे सांगायचं बहुतेकदा राहून जातं. आणि नुकसान होतं ते तिथेच. कारण यातलं जुनं प्रत्येक साधन त्या त्या काळच्या जमिनीला धरून आलेलं आहे.

मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने चोपलेली मातीची जमीन पुसता येत नाही. ती सारवावी लागते. ताज्या शेणातले चाऱ्याचे न पचलेले तंतू मातीचे कण बांधून धरतात, म्हणून थर वाळला तरी तडकत नाही आणि धूळ सुटत नाही. शेणकाला पळीवाढा हवा. दाट झाला की चार दिवसांत पोपडे निघतात. सारवण म्हणजे सफाई कमी आणि डागडुजी जास्त.

पुढे घराघरांत शहाबादी फरशी आली. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा दगड चुनखडीचा. कडप्पा, कोटा आणि संगमरवर हेही रसायनाच्या दृष्टीने त्याचेच भाऊबंद, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मुंबईत १९२२ साली भारत फ्लोअरिंग्ज सुरू झाली आणि देशी सिमेंट टाइल्सचा जम बसला. मोझॅकच्या टाइलमध्ये तर सिमेंट आणि संगमरवराच्या चिप्स दोन्ही असतात. या सगळ्या जमिनींचा शत्रू एकच, आम्ल. शहाबादीवर लिंबाचा थेंब टाकून जवळून बघा: बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यावर तिथे निस्तेज, किंचित खरखरीत ठिपका राहतो. तो डाग नाही, तेवढा दगड विरघळलेला असतो. तो घासून जात नाही, पॉलिशच करावं लागतं.

या दगडी फरशीला धुण्याचा सोडा आणि रिठा हीच जुनी, योग्य साधनं. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या. अर्ध्या बादलीला एक कप पुरतो. जास्त झाला तर फरशी चिकट लागते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन फरशीवर पांढुरकी साय बसते, रिठ्याची बसत नाही. मात्र हा काढा टिकत नाही. बाहेर दोन दिवसांत आंबतो, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. स्वयंपाकघरातल्या तेलकटपणाला पाच लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, हातमोजे घालून पुसा, आणि शेवटी साध्या पाण्याचा एक हात फिरवा. नाहीतर सोड्याचे पांढरे ओघळ उमटतात.

फिनेल आलं ते रोगाच्या भीतीतून. डांबरापासून मिळणारं कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फेनॉल, ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टरने १८६५पासून शस्त्रक्रियेत वापरलं. १८७७मध्ये जॉन जेज यांनी इंग्लंडमध्ये डांबरी तेलांच्या जंतुनाशकाचं पेटंट घेतलं. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्यानंतर घरंच्या घरं जंतुनाशकांनी धुतली गेली, भिंतींना चुना लागला. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता हे समीकरण अशा काळात रुजलं. काळ्या फिनेलचा थेंब पाण्यात पडला की दुधाळ ढग पसरतो: साबणाने धरून ठेवलेलं तेल बारीक थेंबांत विखुरतं. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर ओतलं की साबण फुटतो, तेल वर तरंगतं आणि फरशीवर चिकट पट्टे उरतात. घरात मांजर असेल तर फिनेल नकोच. फेनॉलचा निचरा मांजराच्या शरीरात नीट होत नाही.

अलीकडचं बायो-एन्झाइम, म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी, थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूमपानवोंग यांच्या कामातून पसरलं. प्रमाण वजनाने: एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय साली, दहा भाग पाणी, मुदत तीन महिने. बाटली प्लास्टिकची घ्या आणि वरचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा. काचेची घट्ट बंद बाटली फुटू शकते. वर पांढरी साय आली तर घाबरू नका, काळी बुरशी आली तर टाकून द्या. नाव एन्झाइमचं असलं तरी तयार पाणी चांगलंच आंबट असतं आणि सफाईचं बरंचसं काम त्यातलं ॲसिटिक आम्लच करतं. म्हणजे हे पाणी चकचकीत सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल्ससाठी, बादलीला ५० मिलि. तिथेही सांध्यांमधल्या सिमेंटवर साचू देऊ नका. शहाबादी, कोटा, मोझॅकवर ते अजिबात नको.

व्हिनेगरचंही तसंच: पाच लिटर पाण्याला अर्धा कप, तेही टाइल्सवरच. त्यात खायचा सोडा मिसळला की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, जे धड आम्लही नाही आणि धड सोडाही नाही. आणि ब्लीचच्या बादलीत व्हिनेगर, लिंबू किंवा बायो-एन्झाइम कधीही घालू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.