एनडिस: नेटवर्क कार्ड आणि विंडोजमधला लेखी करार

१९८० च्या दशकात पीसीत नेटवर्क कार्ड बसवलं की त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) बहुधा एकाच प्रोटोकॉलला, म्हणजे नेटवर्कवर बोलायच्या एकाच नियमावलीला, बांधलेला असे. कार्ड बनवणारे वेगळे, प्रोटोकॉल लिहिणारे वेगळे, आणि प्रत्येक जोडीसाठी पुन्हा नवा कोड. हा गुंता सोडवण्यासाठी थ्रीकॉम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून 'नेटवर्क ड्रायव्हर इंटरफेस स्पेसिफिकेशन' तयार केलं. या क्षेत्रातले लोक त्याला एनडिस म्हणतात. याच प्रश्नावर नॉव्हेल आणि अ‍ॅपलचा तोडगा होता ओडीआय (ओपन डेटा-लिंक इंटरफेस).

नावातला 'स्पेसिफिकेशन' हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणी कुणाला कधी हाक मारायची आणि पॅकेटची (नेटवर्कवरच्या डेटाच्या तुकड्याची) मेमरी कुणी मोकळी करायची, हे लिहून ठेवलेलं असलं तरच एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन कंपन्यांचा कोड एकत्र चालतो. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनडिस ३ आलं, विंडोज २००० मध्ये ५.०, एक्सपीत ५.१.

एक्सपीच्या काळात या लिखाणाचा खरा कस लागला. अनेक वायफाय चिपचे उत्पादक लिनक्स किंवा फ्रीबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर देत नव्हते आणि चिपची माहितीही उघड करत नव्हते. तेव्हा फ्रीबीएसडीचे प्रोग्रॅमर बिल पॉल यांनी एनडिसची फंक्शनं थेट फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) लिहिली. २००४ च्या फ्रीबीएसडी ५.३ पासून विंडोजची ड्रायव्हर फाइल तिथे चालू लागली. लिनक्सवर तेच काम एनडिसरॅपरने केलं. चिप बंद पेटीच राहिली, पण तिच्याशी बोलायचा इंटरफेस कागदावर होता, म्हणून कितीतरी लॅपटॉपना वायफाय मिळालं.

व्हिस्टाबरोबर एनडिस ६ आलं आणि पॅकेटची मूळ रचनाच बदलली. जुने ड्रायव्हर चालावेत म्हणून विंडोजने आत भाषांतराचा थर ठेवला. फ्रीबीएसडी आणि लिनक्सवरचे हे रॅपर (विंडोजचा ड्रायव्हर चालवणारे थर) मात्र ५ वरच थांबले.

सुसंगततेसाठी ६ मध्ये केलेली एक सोय अगदी छोटी आहे. तिथल्या बऱ्याच स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या फील्डच्या संचाच्या) सुरुवातीला चार बाइटचं शीर्षक असतं: एक बाइट प्रकार, एक बाइट आवृत्ती, दोन बाइट आकार. नवी फील्ड शेवटी जोडायची आणि आवृत्तीचा आकडा वाढवायचा, म्हणजे जुन्या ड्रायव्हरने दिलेल्या आकारापलीकडे विंडोज वाचत नाही. खाचखळगा आहे तो आकार भरताना. इथे सरळ साइझऑफ (स्ट्रक्चरचा आकार मोजणारी सी भाषेतली सोय) वापरलं आणि पुढे नव्या हेडर फाइलवर कोड पुन्हा कंपाइल केला, तर आवृत्ती १ राहते पण आकार नव्या स्ट्रक्चरचा होतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या आकाराचा स्वतंत्र स्थिरांक दिलेला असतो. कुठलं फील्ड कुठल्या आवृत्तीत आलं, ही नोंद पानावर बिनचूक हवीच. ती चुकली तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला कळायला विंडोज कोसळल्यावर दिसणारा निळा पडदाच उरतो.

लिनक्सने उलटा रस्ता धरला. कर्नलच्या आतला इंटरफेस स्थिर ठेवायचाच नाही, हे तिथे लेखी धोरण आहे. जो इंटरफेस बदलतो, त्यानेच कर्नलच्या झाडातले, म्हणजे त्याच्या मूळ सोर्स कोडमध्ये सामील असलेले, ड्रायव्हर दुरुस्त करायचे. झाडात असलेल्यांसाठी ही पद्धत उत्तम, बाहेरच्यांची मात्र दर आवृत्तीला फरफट होते.

फ्रीबीएसडीने १४ व्या आवृत्तीत तो रॅपर काढून टाकला. विंडोजवर आता नव्या ड्रायव्हरसाठी नेटअ‍ॅडाप्टरसीएक्स हा सोपा थर आहे, आणि त्याच्या खाली अजूनही एनडिसच आहे.