जनुकाची सुरुवात नेमकी कुठे? प्रमोटर-भाकितांची पार्श्वभूमी

जनुकावरून आरएनए (जनुकाची कामचलाऊ नक्कल) बनायला जिथे सुरुवात होते, तिथल्या डीएनएच्या पट्ट्याला प्रमोटर म्हणतात. डेव्हिड प्रिब्नाव यांनी १९७५मध्ये जिवाणूंच्या प्रमोटरमधला ‘टीएटीएएटी’ हा डीएनएच्या अक्षरांचा (ए, टी, जी, सी) क्रम दाखवला. पुढच्या काही वर्षांत प्राण्यांच्या जनुकांतही, सुरुवातीच्या सुमारे २५ ते ३० अक्षरे आधी, ‘टाटा बॉक्स’ हा तसाच क्रम सापडला. खूण मिळाली, आता संगणक बाकीचे प्रमोटर हुडकून काढेल, असे वाटणे साहजिकच होते.

पण हिशेब मांडून पाहा. चारच अक्षरांच्या लिपीत सहा अक्षरांचा एखादा ठरावीक क्रम निव्वळ योगायोगाने दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा येतो. मानवी जिनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, ३ अब्ज अक्षरांचा, म्हणजे एकाच धाग्यावर असे सात लाखांहून जास्त ‘टाटा’. आणि प्रथिने बनवणारी जनुके जेमतेम २० हजार! फिलिप बुखर यांनी १९९०मध्ये प्रत्येक स्थानावरच्या अक्षराला गुण देणारे तक्ते मांडले. नेमकेपणा वाढला, गर्दी मात्र हटली नाही. १९९७मध्ये फिकेट आणि हात्झिगेओर्गिऊ यांनी तेव्हाचे प्रमोटर शोधणारे प्रोग्राम पारखले, तर साधारण दर हजार अक्षरांमागे एक खोटा इशारा निघत होता. त्यात माणसाच्या बहुतेक प्रमोटरमध्ये टाटा बॉक्स नसतोच.

खरा आधार मिळाला तो सीपीजी बेटांचा, म्हणजे ‘सी’पाठोपाठ ‘जी’ अशा जोड्या दाट असलेल्या भागांचा. ‘सी’ला लागून ‘जी’ आला की त्या ‘सी’वर बहुधा मिथाइल गट (एक छोटी रासायनिक खूण) चढतो आणि पिढ्यानपिढ्यांत त्याचा ‘टी’ होऊन जातो. म्हणून ही जोडी जिनोममध्ये दुर्मीळ आहे. प्रमोटरजवळ मिथाइल क्वचितच चढतो, त्यामुळे तिथे ती टिकून राहते. माणसाचे सुमारे ७० टक्के प्रमोटर अशा भागांत आहेत. २००१च्या ‘फर्स्ट-ईएफ’सारख्या प्रोग्रामचे यश मुख्यतः याच बेटांच्या जिवावर होते, बेट नसले की त्यांची अचूकता घसरे.

मग प्रयोगशाळेनेच बाजी मारली. जपानच्या रिकेन संस्थेने २००३मध्ये मांडलेली ‘केज’ पद्धत आरएनएचे टोपीवाले (म्हणजे सुरुवातीचे) टोक वाचून सुरुवात थेट दाखवू लागली. बऱ्याच प्रमोटरमध्ये सुरुवात एका अक्षरावर नसून शंभरेक अक्षरांत पसरलेली असते, हेही त्यातूनच कळले. ‘कुठे’ हा प्रश्न मागे पडला. कोणत्या पेशीत, किती आरएनए बनतो, हा पुढे आला. २०२१चे ‘एन्फॉर्मर’ हे मॉडेल एका वेळी जवळपास दोन लाख अक्षरे वाचून त्याचे उत्तर देऊ पाहते, आणि ते ज्या नोंदींवर शिकले आहे, त्यांत केजच्याही नोंदी आहेत.