अल्प तापांतर इंजिन (घरगुती)

अल्प तापांतर इंजिन : दोन पृष्ठभागांच्या तापमानातल्या थोड्याशा फरकावर चालणारे उष्णता इंजिन. हा फरक कधी पाच-दहा अंश सेल्सिअस असतो, कधी पन्नास-साठ. चहाचा कप, बर्फाची थाळी, उन्हात तापलेला पत्रा किंवा नुसता हाताचा तळवा एवढ्यावर ते फिरते. या वर्गात बरीच यंत्रे मोडतात, पण हौशी मंडळी घरी बनवतात ते बहुतेक वेळा स्टर्लिंग पद्धतीचे हवेचे इंजिन असते, म्हणून या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. त्याची शक्ती मिलिवॉटमध्ये मोजावी लागते. काम काढून घेण्याच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि तरीही उष्णतागतिकी शिकायला याच्याइतके प्रामाणिक यंत्र सापडणे कठीण.

रचना व कार्य

धातूच्या दोन चकत्या, एक खाली आणि एक वर. त्यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिकची किंवा पीव्हीसीची कडी. अशी एक पसरट, हवाबंद डबी तयार होते. आत हलक्या थर्मोकोलची एक सैल चकती वरखाली होत असते. तिला विस्थापक म्हणतात. नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथे: विस्थापक म्हणजे दट्ट्या (पिस्टन) नव्हे. तो हवा दाबत नाही, तिला फक्त इकडची तिकडे ढकलतो. चकतीच्या कडेने मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट ठेवलेली असते, तिच्यातून हवा ये-जा करते. विस्थापक वर गेला की हवा खालच्या गरम चकतीला भिडते, तापते आणि प्रसरण पावते. तो खाली आला की तीच हवा वरच्या थंड चकतीजवळ जाऊन आकसते.

वरच्या चकतीवर एक बारीक सिलिंडर बसवलेला असतो आणि त्यात खरा दट्ट्या. आतल्या हवेचा दाब वाढला की तो वर उचलला जातो, कमी झाला की बाहेरच्या वातावरणाचा दाब त्याला खाली रेटतो. दट्ट्या आणि विस्थापक एकाच क्रँकला (वरखाली हालचालीचे फेऱ्यात रूपांतर करणाऱ्या वाकड्या दांड्याला) जोडलेले असतात, पण पाव फेऱ्याच्या अंतराने: विस्थापक ९० अंश पुढे, दट्ट्या मागे. मधल्या मृत जागा, म्हणजे दट्ट्याचा जोर लागत नाही त्या, फ्लायव्हील हे क्रँकवरचे चाक आपल्या जडत्वाने पार करते. चहाच्या कपावर ठेवलेले इंजिन काढून बर्फावर ठेवले तर गरम बाजू वरची होते आणि चाक उलट्या दिशेने फिरू लागते. झडपा नाहीत, ठिणगी नाही, धूर नाही. आतली हवा तीच ती राहते.

मर्यादा

फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली दाखवून दिले की उष्णता इंजिनाची कमाल कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते. तापमानातल्या फरकाला गरम बाजूच्या निरपेक्ष तापमानाने भागायचे, की ती मर्यादा मिळते. चहा ८५ अंशांवर असला तरी खालची चकती फार तर ६० पर्यंत पोचते, आणि वरची चकती खोलीच्या तापमानावर न राहता ३५ पर्यंत चढते. म्हणजे हाती उरलेला फरक २५ अंश. ६० अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष मापाने ३३३ केल्वीन; २५ भागिले ३३३, उत्तर साडेसात टक्के. तळहातावर चालवायचे तर त्वचा ३४ अंशांची, खोली ३० ची, मर्यादा १.३ टक्के. ही झाली निर्दोष यंत्राची गोष्ट. घरगुती इंजिनात यातलाही बहुतेक हिस्सा घर्षण, गळती आणि कडीतून वाहून जाणारी उष्णता गिळते.

त्यामुळे या इंजिनाची सगळी विद्या उष्णता मिळवण्यापेक्षा ती न गमावण्यात आहे. ३०० केल्वीनची बंद हवा संपूर्णपणे दहा अंशांनी तापली तरी दाब जेमतेम सव्वातीन टक्के वाढतो. एवढ्या तुटपुंज्या दाबाला मोठा दट्ट्या हलवायला लावला तर इंजिन जागचे हलत नाही. झाग्रेब विद्यापीठाचे प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी यासाठी एक व्यवहारी सूत्र दिले: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकारमानाचे गुणोत्तर हे १ अधिक (तापमानातला फरक भागिले ११००) एवढे ठेवावे. डबीचा आतला व्यास १२ सेंमी., उंची २ सेंमी. आणि विस्थापक १ सेंमी. जाड असेल तर आत सुमारे १२० घन सेंमी. हवा राहते. २५ अंश फरकासाठी दट्ट्याने पुरे २.७ घन सेंमी. जागा व्यापली की झाले. अर्ध्या चमच्याएवढी! पहिल्या प्रयत्नात बनवलेली बहुतेक इंजिने अडतात ती दट्ट्या ऐसपैस केल्याने.

इतिहास

स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये हवेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. १८१८ मध्ये एअरशायरमधल्या दगडाच्या खाणीतून पाणी उपसायला असे एक इंजिन बसवले गेले. त्याचे गरम टोक मात्र भट्टीवर तापवलेले असे. पुढची दीडशे वर्षे सगळी धडपड तापमान वाढवण्याची होती, आणि कार्नोचे सूत्र पाहता ते बरोबरच होते. घासलेटच्या ज्योतीवर चालणारे छोटे हवेचे इंजिन लावलेले टेबलपंखे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातही वापरात होते; वीज न पोचलेल्या बंगल्यांत त्यांचा उपयोग होई. नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने १९३० च्या दशकानंतर या इंजिनावर मोठे संशोधन केले आणि ‘स्टर्लिंग इंजिन’ हे नावही त्यानंतरच रूढ झाले.

उलट दिशेने विचार केला तो कोलिन यांनी. १९८३ मध्ये डुब्रोव्हनिक येथे त्यांनी एक चौकोनी खोक्याचे इंजिन चालवून दाखवले. दट्ट्याच्या जागी रबरी पडदा होता. खाली उकळते पाणी ओतल्यावर ते सुरू झाले आणि पाणी निवत जाऊन फरक वीस अंशांच्या आसपास येईपर्यंत फिरत राहिले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स शाखेतले गणिताचे प्राध्यापक जेम्स सेन्फ्ट यांनी हा धागा पुढे नेला. त्यांच्या काही इंजिनांत विस्थापक क्रँकला जोडलेलाच नव्हता. हवेच्या दाबातल्या चढउतारानेच तो हलत असे. ओसियान रिंगबॉम याने १९०७ मध्ये पेटंट घेतलेली ही जुनी कल्पना सेन्फ्ट यांनी गणिताच्या पायावर उभी केली. १९९० मधले त्यांचे ‘पी-१९’ हे इंजिन अर्ध्या अंशाच्या फरकावर फिरले. अर्धा अंश! दोन वर्षांनी नासासाठी केलेले ‘एन-९२’ तळहाताच्या उबेवर चाले. आज ऑनलाइन मिळणारी पितळी-अ‍ॅक्रिलिकची शोभेची इंजिने याच घराण्यातली.

घरी बनवताना

चकत्यांसाठी दीड-दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चांगला. भंगारातल्या हार्ड डिस्कच्या चकत्या सपाट आणि चकचकीत असतात, शिवाय तिचे बेअरिंग फ्लायव्हीलला कामी येते. फ्लायव्हील म्हणून जुनी सीडी बहुतेक जण वापरतात. दोन चकत्या एकमेकींना आवळणारे स्क्रू नायलॉनचे घ्यावेत. लोखंडी स्क्रू घातले तर गरम चकतीतली उष्णता त्यांतूनच थंड चकतीत जाते आणि फरकच संपतो. विस्थापक थर्मोकोलचा असेल तर इंजिन उकळत्या भांड्यावर ठेवू नये. शंभरीच्या आसपास थर्मोकोल आकसतो, वाकतो आणि चकतीला घासू लागतो. पोहे-उपम्याच्या पातेल्यावर हौसेने ठेवलेली इंजिने अशीच निकामी होतात.

सर्वांत नाजूक भाग दट्ट्याचा. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे काचेची सिरिंज, पूर्वी दवाखान्यांत उकळून वापरत ती. तिच्या काचेच्या नळीत काचेचाच दट्ट्या इतका नेमका बसतो की तोंड मोकळे असताना तो स्वतःच्या वजनाने सरकन खाली येतो, आणि तोंडावर बोट ठेवले की जागीच तरंगतो, मग हळूहळू उतरतो. प्लास्टिकची सिरिंज मुळीच चालत नाही. तिच्या रबरी टोकाचे घर्षण इंजिनाच्या सगळ्या ताकदीपेक्षा जास्त असते. तेल घालण्याचा मोह टाळावा. तेल चिकट, आणि चिकटपणा इथे ब्रेकसारखा काम करतो. वंगण हवेच असेल तर शिसपेन्सिलीची पूड. सिरिंज मिळाली नाही तर फुग्याचे रबर सैलसर ताणून पडदा करता येतो. पण तो पूर्ण हवाबंद असल्याने डबी तापली की फुगून बसतो, म्हणून सुरुवातीला क्षणभर आतला दाब मोकळा करायला सुईएवढे भोक ठेवून ते नंतर बंद करावे लागते. काचेच्या दट्ट्याला हे लागत नाही, कारण त्याच्या कडेने होणारी किंचितशी गळतीच सरासरी दाब बाहेरच्या हवेइतका ठेवते.

विस्थापकाची दांडी वरच्या चकतीतून बाहेर येते तिथेही तोच पेच: घट्ट केली तर अडते, सैल केली तर हवा गळते. सायकलच्या स्पोकपेक्षा बारीक, सरळ स्टीलची तार आणि तिला जेमतेम सामावणारी पितळी नळी, तीही सेंटिमीटरभर लांब, अशी जोडी जमते. बाकीचे सांधे अरल्डाइटने भरता येतात.

क्रँक जोडण्याआधी एक परीक्षा घ्यावी. खालची चकती गरम पाण्यावर ठेवून हाताने फक्त विस्थापकाची दांडी वर उचलायची. दट्ट्या लगेच वर सरकला आणि दांडी खाली सोडल्यावर तोही उतरला, तर हवा बंद आहे आणि उष्णता पोचते आहे. दट्ट्या ढिम्म राहिला तर फ्लायव्हीलला कितीही टिचक्या मारून उपयोग नाही, गळती शोधावी. परीक्षेत उत्तीर्ण होऊनही इंजिन फिरत नसेल तर दोष घर्षणात किंवा तोलात असतो. चाक मोकळे सोडल्यावर दरवेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर वर राहणाऱ्या बाजूला मेणाचा किंवा एम-सीलचा छोटा गोळा चिकटवून तोल साधतात.

नीट जमलेले इंजिन चहावर मिनिटाला शंभर-दोनशे फेरे घेते. दहा-पंधरा मिनिटांत ते मंदावते. चहा निवला म्हणून, असे वाटते. पण बऱ्याचदा वरची चकती तापल्याने. तिच्यावर चार थेंब पाणी टाकून बोटाने पसरले की वेग पुन्हा वाढतो.

हवामानाचा परिणाम

तळहातावर चालणारे इंजिन पुण्यात डिसेंबरच्या पहाटे झकास फिरते: खोली १५ अंश, त्वचा ३४. तेच मे महिन्यात नागपूरला ४२ अंशांच्या खोलीत हातावर ठेवले तर हात ही थंड बाजू होते, आणि इंजिन उलटे फिरण्याचा संभव असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याहून चांगली युक्ती म्हणजे एका चकतीवर ओले फडके. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर ओले फडके बाष्पीभवनाने २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. माठातले पाणी गार होते तसेच. म्हणजे कशालाही आच न लावता वीसेक अंशांचा फरक. कोकणातल्या दमट हवेत हीच युक्ती चार-पाच अंशांवर अडते, आणि त्यावर फिरणारे इंजिन घडवायला कसबी हात लागतो.

जवळची यंत्रे

पाणी पिणारा काचेचा पक्षी हे याच ओल्या फडक्याच्या तत्त्वावर डोलणारे खेळणे. त्याचे ओले डोके थंड होते, आतल्या डायक्लोरोमिथेनची वाफ तिथे निवते आणि द्रव मानेतून वर चढतो. माइल्स सलिव्हन यांना १९४६ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. निकेल-टायटॅनियमच्या ‘स्मृती’ असलेल्या, म्हणजे तापताच मूळ आकार घेणाऱ्या, तारेवर चालणारे इंजिन रिजवे बँक्स यांनी १९७३ मध्ये बर्कली येथे केले. ते गरम आणि गार पाण्याच्या दोन कुंडांत फिरते. जत्रेत मिळणारी पत्र्याची पुटपुट बोट मात्र मेणबत्तीच्या ज्योतीवर चालते, त्यामुळे ती या वर्गात काटेकोरपणे बसत नाही. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ टेट्रापॅक आणि स्ट्रॉपासून ती बनवायची कृती शाळकरी मुलांपर्यंत पोचवली आहे, आणि घरगुती उष्णता इंजिनाची पहिली पायरी म्हणून ती उत्तमच. फार मोठ्या प्रमाणावर हाच अल्प फरक समुद्रात मिळतो: उष्ण कटिबंधात पृष्ठभाग आणि खोल पाणी यांत सुमारे वीस अंशांचे अंतर असते. जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्युबाच्या मातान्झास उपसागरात त्यावर २२ किलोवॉट वीज निर्माण केली. पंपांनाच त्याहून जास्त वीज लागली.

उपयोग आणि अतिशयोक्ती

‘फुकट ऊर्जा’ म्हणून या इंजिनांचा समाजमाध्यमांवर बराच बोलबाला असतो. एका मदरबोर्ड कंपनीने २००८ मध्ये चिपच्या स्वतःच्या उष्णतेवर फिरणारा स्टर्लिंग पंखा दाखवला तेव्हा ७० टक्के उष्णता गतीत बदलते असा दावा झाला होता. चिप ८० अंशांवर आणि खोली २५ वर धरली तर कार्नोची मर्यादा साडेपंधरा टक्क्यांवर संपते. घराच्या छपरावर असे इंजिन बसवून दिवे लावण्याच्या योजनाही याच हिशोबात अडकतात: फरक कमी म्हणून चकत्या प्रचंड मोठ्या, चकत्या मोठ्या म्हणून गळती आणि वजन जास्त.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मात्र त्याला पक्की जागा आहे. दट्ट्याची जागा आणि आतला दाब एकाच वेळी मोजले की दाब-आकारमानाचा बंद आलेख समोर उमटतो, आणि त्याने वेढलेले क्षेत्रफळ हेच एका फेऱ्यातले काम. इंजिन बाहेरून मोटरने फिरवले तर क्रिया उलटते आणि एक चकती थंड, दुसरी गरम होऊ लागते. घरगुती इंजिनात हा परिणाम इतका क्षीण असतो की संवेदनशील तापमापीवरच तो दिसतो. पण याच उलट्या क्रियेवर आधारलेल्या फिलिप्सच्या यंत्रांनी १९५० च्या दशकात हवा द्रवरूप करून दाखवली.