रक्त कमी, पण कशामुळे?

निपाणीची विडी कामगार असो की खानापूरकडे रोपलावणीला जाणारी बाई, धाप लागते, चक्कर येते म्हटलं की एकच उत्तर मिळतं: रक्त कमी आहे. मग टॉनिकची बाटली येते, घरात बीट किसलं जातं. बिटाचं आधी सांगून टाकू. त्याचा लाल रंग लोहाचा नव्हे. 100 ग्रॅम बिटात 1 मिलिग्रॅमभरही लोह नसतं.

100 मिलिलिटर रक्तातलं हिमोग्लोबिन (तांबड्या पेशींतलं प्राणवायू वाहणारं द्रव्य) स्त्रियांत 12, गरोदरपणी 11 आणि पुरुषांत 13 ग्रॅमच्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया, म्हणजेच रक्त कमी असणं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना तो होता. पण ताप 102 आहे एवढ्यावरून मलेरिया की टायफॉईड ते कळत नाही, तसंच या आकड्याचं आहे. तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या कार्डावर, हिमोग्लोबिनचा नुसता 9 लिहिलेला असतो. का, ते कोणी विचारत नाही.

कारणाचा पहिला धागा सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीच्या, कागदावरच असतो. त्यात एमसीव्ही नावाची ओळ शोधा. तांबड्या पेशीचा सरासरी आकार तिथे दिलेला असतो. तो 100 च्या वर असेल तर बी-12 किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असल्याचा संशय घ्यायचा. बी-12 मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं, म्हणून कट्टर शाकाहाऱ्यांना जपावं लागतं. तळपायांना मुंग्या येत असतील तर बी-12 तपासायलाच हवं. नुसत्या फॉलिकच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी मात्र आतून चालूच राहते. किडनीचे जुने आजार, क्षय, पेशी वेळेआधी फुटणं, अस्थिमज्जेनं काम थांबवणं, अशीही कारणं असतात. तिथे मूळ आजारावरच उपचार.

आकार 80 च्या खाली असेल तर बहुतेक वेळा लोहच कमी पडलेलं असतं, आणि रक्तातलं फेरिटिन तपासलं की शरीरातला लोहाचा साठा कळतो. पाळीतला जादा रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणं, अनवाणी शेतात राबताना पायातून शिरणारे आकडेकृमी ही नेहमीची कारणं. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते पाहिल्याशिवाय गोळ्या सुरू करून मोकळं होऊ नये. मूळव्याध, अल्सर, क्वचित आतड्याचा कर्करोगही निघतो.

लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली की अर्धी वाया गेली म्हणायची, कारण चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, वर लिंबूपाणी प्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही त्या साधारण 3 महिने चालू ठेवायच्या, म्हणजे साठा भरतो. गोळ्या सोसवत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. गरोदर स्त्रियांना गोळ्या बऱ्या की असं एकदाच दिलेलं लोह, हे पाहणाऱ्या रॅपिडआयर्न अभ्यासात बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजही होतं.

महिनाभर नेमानं गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन 1 ग्रॅमभर वाढलं नाही, पेशी लहानच आहेत आणि फेरिटिन चांगलं आहे? मग थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून आलेल्या हिमोग्लोबिनमधल्या सौम्य दोषाची, शंका घ्या. हिमोग्लोबिन ए-2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी मागा, 3.5 टक्क्यांच्या वर निघालं तर बहुधा तेच. या माणसाला लोहाचा उपयोग नाही, आजारीही तो सहसा नसतो. मात्र नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच दोषाचा गंभीर आजार, होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून एकाचा रिपोर्ट तसा आला की दुसऱ्याचंही रक्त तपासायचं, दिवस राहण्याआधी.